परिचारिकेचा पहिला वॉर्ड

परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून, परीक्षा उत्तीर्ण होऊन व परिषदेच्या नोंदवहींत नांव दाखल करून जी मुलगी इस्पितळाच्या दारांत उभी राहते, तिच्यापुढें पहिला प्रश्न येतो तो हा कीं, काम पत्करावें तें कोणत्या विभागांत? प्रसूतिगृहांत, बालरुग्णांच्या वॉर्डांत, शस्त्रक्रियागृहांत, यंत्रांनीं वेढलेल्या अतिदक्षता विभागांत, कीं जेथें सर्व तऱ्हेचे रोगी येतात अशा साध्या औषधोपचाराच्या वॉर्डांत? घरोघर यावर निरनिराळे सल्ले मिळतात. आईला वाटतें, बाळबाळंतिणीचें काम सोज्वळ, तेंच बरें. वडील म्हणतात, परदेशीं ज्या विभागाला मागणी तो धरावा. एखादी अनुभवी परिचारिका सांगते कीं, साध्या वॉर्डांत वर्ष-दोन वर्षें काढल्यावांचून हात बसत नाहीं. आणि बरोबरीच्या मैत्रिणी म्हणतात कीं, तेथें वर्ष गमावणें म्हणजे मागें पडणें. सल्ले भिन्न असले तरी त्यांच्या बुडाशीं दोन समजुती समान असतात. एक, हे विभाग म्हणजे फार पूर्वीपासून आखून ठेवलेल्या वाटा आहेत. आणि दुसरी, पहिलें पाऊल ज्या वाटेवर पडेल तीच जन्माची वाट. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहींत असें आमचें मत आहे. पहिल्या वॉर्डाचें महत्त्व आम्ही मानतों. मात्र तें कशांत आहे हें नीट कळण्यास थोडें मागें जाऊन पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतील इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा करणारी बाई मोलकरणीहून फारशी निराळी समजली जात नसे. चार्ल्स डिकन्स यानें १८४३-४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरींत सेअरी गँप नांवाची जी मद्यासक्त परिचारिका रंगविली आहे, ती अतिशयोक्तीची असेल. पण वाचकांना ती ओळखीची वाटली, यांतच त्या काळाची परिस्थिति दिसून येते. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई ३८ परिचारिका बरोबर घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत गेल्या. त्यांच्या तेथील कार्याच्या गौरवार्थ लोकांनीं जमविलेल्या निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवाची शाळा निघाली. पहिल्या तुकडींत अवघ्या १५ विद्यार्थिनी होत्या आणि शिक्षणाची मुदत एक वर्षाची होती.

या शाळेची शिकविण्याची रीति पुढील विवेचनाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. विद्यार्थिनीचें खरें शिक्षण व्याख्यानगृहांत होत नसून वॉर्डांत होई, आणि तें देणारी व्यक्ति म्हणजे त्या वॉर्डाची मुख्य परिचारिका, जिला तेथें 'सिस्टर' म्हणत. आपल्या इस्पितळांत आज लहानथोर सर्वांच्या तोंडीं असलेला हा शब्द त्याच परंपरेंतून आलेला आहे. रोग्याचा श्वास कसा चालला आहे, रात्रींतून त्याचा वर्ण बदलला कीं काय, खोलींत वारा खेळतो कीं नाहीं, हें पाहण्याची दृष्टि तिच्या शेजारीं उभें राहून उचलावयाची असे. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या परिचर्येवरील छोट्या पुस्तकांत नाइटिंगेलबाईंनीं निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे, तें उगाच नव्हे.

परंतु या शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलीला विभागाची निवड अशी करावयाचीच नसे. तिनें अमुक वर्षें शाळा सांगेल त्या इस्पितळांत काम केलें पाहिजे असा करार असे. ॲग्नेस जोन्स या बाईंचें उदाहरण पाहावें. त्या सुखवस्तु कुळांतल्या. त्यांनीं १८६२ सालीं सेंट टॉमसमध्यें शिक्षण घेतलें व १८६५ सालीं लिव्हरपूल येथील अनाथ-दरिद्री लोकांच्या कामघराच्या इस्पितळाचा भार पत्करला. विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्यानें खर्चाची तरतूद केली होती, आणि बरोबर नाइटिंगेलशाळेच्या बारा परिचारिका होत्या. त्या काळीं कामघरांतल्या आजाऱ्यांची शुश्रूषा तेथल्याच धडधाकट दरिद्री बायकांकडून करवून घेत. जोन्सबाईंनीं तीन वर्षें तेथें शिस्त, स्वच्छता आणि माणुसकी आणण्यासाठीं झीज सोसली आणि १८६८ सालीं विषमज्वराहून निराळ्या अशा टायफस नांवाच्या ज्वरानें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ३५ वर्षांचें होतें. आजच्या कोणत्याहि यादींत त्यांच्या कामाला 'विशेष विभाग' असें नांव सांपडणार नाहीं. जेथें गरज अधिक आणि जाणारें कोणी नाहीं, ती जागा त्यांच्या वाट्याला आली.

अमेरिकेंत हा प्रश्न आणखी निराळ्या तऱ्हेनें दडून राहिला होता. तेथें १८७३ सालीं बोस्टनच्या 'न्यू इंग्लंड' या स्त्रियांच्या व मुलांच्या इस्पितळांतून लिंडा रिचर्ड्स यांना परिचर्येची पदविका मिळाली. त्या देशांतील पहिली शिक्षित परिचारिका म्हणून त्यांची गणना होते. पुढें तेथें इस्पितळांबरोबर शाळाहि भराभर वाढल्या. त्या वाढण्याचें एक कारण केवळ ज्ञानलालसा नव्हतें. विद्यार्थिनी म्हणजे इस्पितळाला जवळजवळ फुकट मिळणारी परिचारिका. ती वॉर्ड झाडी, रात्रपाळी करी, रोग्यांना आंघोळ घाली, पट्ट्या बांधी, आणि शिकून तयार झाली कीं इस्पितळ तिला निरोप देऊन नवी विद्यार्थिनी घेई. मग ती पदवीधर परिचारिका जाई कोठें? बहुतेक जणी श्रीमंत अगर मध्यम स्थितींतील कुटुंबांत, एकेका रोग्याची घरगुती शुश्रूषा करण्यास जात. आज विषमज्वराचा रोगी, उद्यां बाळंतीण, परवां पक्षाघातानें खिळलेला म्हातारा. दोन कामांच्या मध्यें कित्येकदां रिकाम्या आठवड्यांची रांग. १९२३ सालीं जोसेफिन गोल्डमार्क यांनीं लिहिलेला परिचर्येच्या शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत विद्यार्थिनींना शिकविण्याऐवजीं राबविण्याच्या या पद्धतीवर कडक टीका होती. तरीहि पद्धति बदलली ती मुख्यतः १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीनें. कुटुंबांना घरीं परिचारिका ठेवणें परवडेना, पदवीधर परिचारिका बेकार झाल्या, आणि तेव्हां कोठें इस्पितळांनीं त्यांना पगारी नोकर म्हणून वॉर्डांत घेण्यास प्रारंभ केला.

म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकेनें इस्पितळांतला एक विभाग निवडून त्यांत स्थिर व्हावें, ही कल्पना अमेरिकेसारख्या देशांतहि शंभर वर्षांपलीकडची नाहीं. जो प्रश्न आज सनातन असल्यासारखा आपल्या मुलींना भेडसावतो, तो त्यांच्या पणजीच्या काळीं फारसा कोणी विचारीत नव्हतें.

आतां हे विभाग तरी कसे उत्पन्न झाले तें पाहूं. कोणी विद्वान मंडळींनीं बसून शुश्रूषेचे शास्त्रशुद्ध भाग पाडले असें झालेलें नाहीं. कांहीं रोग्यांची विशिष्ट अडचण आणि त्याच वेळीं तेथें हजर असलेलीं माणसें, यांच्या संयोगानें एकेक विभाग जन्मास आला. बाल्टिमोरचें जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ १८८९ सालीं उघडलें. तेथील शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना, जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षारानें व्रण पडूं लागले. काम सोडण्याची पाळी आली तेव्हां शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं रबराचा धंदा करणाऱ्या एका कंपनीकडून त्यांच्यासाठीं पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढें हॅम्प्टनबाई हॉल्स्टेड यांच्या पत्नी झाल्या व त्यांनीं शस्त्रक्रियागृह सोडलें. पण तो मोजा तेथेंच राहिला, आणि रोग्याला संसर्गापासून वांचविण्याचें तें एक मोठें साधन ठरलें. एका परिचारिकेचे हात जपण्यासाठीं केलेली सोय साऱ्या जगाच्या शस्त्रक्रियागृहांचा नियम होऊन बसली.

भूल देण्याचें काम घ्या. अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियांच्या वेळीं भूल देण्यास वैद्य सहजीं मिळत नसत. म्हणून तें काम परिचारिकेकडे आलें. ॲलिस मॅगॉ या परिचारिकेनें तें इतक्या काळजीनें केलें कीं, १९०६ सालीं तिनें १४,००० हून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला, आणि त्यांत भुलीमुळें घडलेला एकहि मृत्यु नव्हता. रोग्याशीं धीरानें बोलत राहणें, औषध थेंबाथेंबानें देणें आणि त्याच्या चेहऱ्यावरून दृष्टि न हलविणें, हें तिचें सारें रहस्य होतें. यांतील एकहि गोष्ट अशी नाहीं कीं जी साध्या वॉर्डांतील चांगल्या परिचारिकेला परकी वाटावी.

अतिदक्षता विभागाचा जन्म तर आजहि वृद्धांच्या आठवणींत असेल इतका अलीकडचा आहे. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत बालपक्षाघाताची भयंकर सांथ आली. ब्लेगडॅम इस्पितळांत श्वास बंद पडत चाललेलीं मुलें रोज येऊं लागलीं, आणि त्यांना श्वास देणारीं यंत्रें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें असा उपाय सुचविला कीं, श्वासनलिकेला छिद्र पाडून तींत नळी घालावी आणि रबरी पिशवी हातानें दाबून रोग्याला श्वास द्यावा. शेंकडों वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनें बसून अहोरात्र पिशव्या दाबीत राहिले. परिचारिका नळ्या साफ करीत, मुलांना कुशीवर वळवीत, बोलतां न येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांतलें ओळखीत. मृत्यूचें प्रमाण पूर्वीच्या मानानें पुष्कळच उतरलें, आणि मरणोन्मुख रोग्यांना एका ठिकाणीं आणून त्यांच्याजवळ अखंड बसावें ही कल्पना रूढ झाली. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९६२ सालीं, अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें ह्यूज डे यांनीं हृदयविकाराच्या रोग्यांसाठीं वेगळा कक्ष उघडला. अशा कक्षांतून हृदयाच्या आलेखावर पाळत ठेवणें व ठोका बिघडतांच विजेचा झटका देणें हें काम परिचारिकेला शिकवावें लागलें, कारण त्या क्षणीं रोग्याजवळ हजर असे ती एकटी तीच. वैद्य येईपर्यंत थांबावें तर रोगी हातचा जाई.

कायद्यानें विभागांच्या भिंती बांधल्या त्याहि मागाहून. न्यूझीलंडनें १९०१ सालीं परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला. इंग्लंडांत तो १९१९ सालीं झाला आणि त्यांत सर्वसामान्य परिचारिकांची एक मुख्य यादी व मनोरुग्णांच्या, आजारी बालकांच्या इत्यादि परिचारिकांच्या पुरवणी याद्या अशी विभागणी झाली. पुरुष परिचारकांचीहि त्यांत एक निराळी पुरवणी यादी होती, हें वाचून आजच्या वाचकाला हंसूं येईल. आज वाटते ती स्वाभाविक विभागणी उद्यां अशीच विचित्र वाटण्याचा संभव आहे.

आपल्या महाराष्ट्राकडे वळतां एक निराळाच प्रकार दिसतो. येथें पहिल्या शिक्षित परिचारिकेचा विभाग तिनें निवडला नाहीं, शाळेनेंहि निवडला नाहीं, समाजानें निवडला. पडद्यांत अगर संकोचांत वाढलेल्या स्त्रिया पुरुष वैद्याकडे जात नाहींत आणि बाळंतपणांत हकनाक मरतात, या जाणिवेंतून १८८५ सालीं डफरिन फंड स्थापन झाला. १८८६ सालीं मुंबईस स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा इस्पितळ उघडलें. एडिथ पीची या डॉक्टरीणबाईंनीं त्याची धुरा वाहिली, आणि परिचारिकांच्या शिक्षणाचीहि तेथें सोय केली. तेव्हां आमच्याकडील स्त्रियांना परिचर्येचें पहिलें दार उघडलें तें साहजिकच प्रसूतीचें व स्त्रीरोगांचें. त्यांतहि पांढरपेशा कुटुंबांतील मुली येण्यास फार काळ लागला. परक्याचें मलमूत्र काढणें, जात न पाहतां स्पर्श करणें, रात्रीं घराबाहेर राहणें, यांतली प्रत्येक गोष्ट त्या काळच्या घरंदाजपणाच्या कल्पनेला धक्का देणारी होती. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यास सेवासदन चालू केलें आणि त्या संस्थेनें विधवा व गरजू स्त्रियांना ससून इस्पितळांत परिचर्येच्या शिक्षणासाठीं पाठविलें, तेव्हां त्या बायकांच्या आप्तांची समजूत घालणें हेंच निम्में काम होतें. 'बाळबाळंतिणीचें काम बरें' असें जें आजची आई म्हणते, त्यामागें हा सव्वाशें वर्षांचा संकोच अजून उभा आहे. त्या कामाची थोरवी आम्ही अमान्य करीत नाहीं. मात्र तें मुलीच्या आवडीनें निवडलें गेलें कीं जुन्या भीतीनें, एवढें प्रत्येक घरानें स्वतःस विचारावें.

पुढें १९०८ सालीं शिक्षित परिचारिकांचा अखिल भारतीय संघ निघाला. १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षीं, १९४६ सालीं, भोर समितीनें जो अहवाल दिला त्यांत साऱ्या देशांत परिचारिका सुमारें ७,००० असल्याचें नमूद आहे. म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. एवढ्या तुटवड्यांत 'तुला कोणता विभाग आवडेल' असें विचारण्याची चैन कोणाला परवडणार? एकच परिचारिका सकाळीं शस्त्रक्रियेस उभी राही, दुपारीं बाहेरचे रोगी पाही आणि रात्रीं बाळंतपण उरकी. आजच्या मुलीला निवड करतां येते, हीच मुळीं मागील पिढ्यांच्या कष्टांची मिळकत आहे, आणि म्हणून ती हलक्या हातानें उधळूं नये.

पहिल्या समजुतीचा विचार झाला, आतां दुसरी. पहिलें पाऊल तीच जन्माची वाट, हें खरें काय? ज्यांचीं नांवें या व्यवसायाच्या इतिहासांत राहिलीं त्यांच्या चरित्रांवरून तसें दिसत नाहीं. वर उल्लेखिलेल्या लिंडा रिचर्ड्स यांनीं न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळांत रात्रपाळीची देखरेख पत्करली. रोग्यांच्या स्थितीची लेखी नोंद ठेवण्याची पद्धति रूढ करण्याचा मान त्यांना दिला जातो. पुढें त्यांनीं शाळा चालविल्या, जपानांत जाऊन कांहीं वर्षें परिचारिका तयार केल्या, आणि उतारवयांत मनोरुग्णांच्या इस्पितळांकडे वळून तेथें शिक्षणाची घडी बसविली. लिलियन वॉल्ड १८९१ सालीं न्यूयॉर्क इस्पितळाच्या शाळेंतून बाहेर पडल्या आणि पहिली नोकरी केली ती मुलांच्या एका अनाथाश्रमांत. तेथील व्यवस्था त्यांना रुचली नाहीं; वर्षभरांत त्यांनीं ती सोडली आणि त्या वैद्यकाच्या शाळेंत गेल्या. १८९३ सालीं त्या गरीब परदेशी स्त्रियांना घरगुती शुश्रूषा शिकवीत असतां एक लहान मुलगी त्यांना आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. त्या अंधाऱ्या खोलींत त्यांना आपलें काम सांपडलें. हेन्री स्ट्रीटवर त्यांनीं उभारलेल्या संस्थेंतून घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची परंपरा निघाली; सार्वजनिक आरोग्याची परिचारिका हें नांव त्यांनींच रूढ केलें. पहिली नोकरी पसंत पडली असती तर त्या कदाचित् अनाथाश्रमाच्या चांगल्या व्यवस्थापिका म्हणून निवृत्त झाल्या असत्या.

याहूनहि बोधप्रद चरित्र सिसिली साँडर्स यांचें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या सेंट टॉमसच्या त्याच नाइटिंगेलशाळेंत परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यानें त्यांना तें काम सोडावें लागलें. मग त्या इस्पितळांतील समाजसेविका झाल्या, आणि त्यानंतर वैद्यकाचा अभ्यास करून १९५७ सालीं डॉक्टर झाल्या. १९६७ सालीं लंडनमध्यें त्यांनीं सेंट ख्रिस्टोफर ही मरणासन्न रोग्यांच्या वेदना शमविणारी संस्था काढली व तिच्यापासून जगभर एक नवा विभाग उत्पन्न झाला. ज्या कामासाठीं त्या आज ओळखल्या जातात, तें निवडण्याची सोय त्यांनीं परिचर्येची परीक्षा दिली त्या दिवशीं कोठेंच नव्हती. आज जी मुलगी पदवी घेऊन बाहेर पडत आहे तिच्या आयुष्याच्या मध्यावर कोणते विभाग असतील, हें तरी कोण सांगणार?

मग पहिल्या वॉर्डाचा एवढा विचार कशाला, मिळेल तेथें जावें, असें कोणी म्हणेल. तेंहि आम्हांस मान्य नाहीं. १९७४ सालीं मार्लिन क्रेमर या अमेरिकन विदुषीनें नव्या परिचारिका व्यवसाय कां सोडून जातात यावर एक ग्रंथ लिहिला. शाळेंत एकेका रोग्याची सांगोपांग शुश्रूषा शिकलेली मुलगी वॉर्डांत येते तों तिच्यासमोर एकदम पुष्कळ रोगी, थोडा वेळ, आणि 'झालें कीं नाहीं' एवढेंच विचारणारी घाई. या धक्क्यानें कोणी व्यवसाय सोडते, कोणी मन घट्ट करून यंत्रवत् काम करूं लागते. दुसरी गोष्ट आमच्या मतें अधिक दुःखाची. कारण तिचा हिशोब कोठेंच लिहिला जात नाहीं आणि भोगावा लागतो तो रोग्याला. पुढें १९८४ सालीं पॅट्रिशिया बेनर यांनीं नवशिकीपासून निष्णातापर्यंत परिचारिकेच्या पांच पायऱ्या वर्णिल्या. त्यांच्या म्हणण्यांतील एक गोष्ट फार उपयोगी आहे: निष्णात परिचारिकाहि सर्वस्वीं अपरिचित विभागांत गेली कीं पुन्हां नवशिकी होते. तेव्हां विभाग बदलण्यास किंमत पडते हें खरें, पण ती बदलण्याची वाट बंद करणारी नव्हे. आणि पहिल्या वॉर्डांत तर प्रत्येक जण नवशिकीच असते, मग तो साधा असो वा यंत्रांनीं भरलेला.

साध्या वॉर्डाच्या पक्षाचे लोक म्हणतात कीं, तेथें मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचे विकार, शस्त्रक्रियेनंतरच्या अडचणी सारें एकाच छपराखालीं पाहावयास मिळतें. कोणत्या रोग्याकडे आधीं धांवावें व कोणाला थोडें थांबवितां येईल याचा निवाडा करण्याची संवय लागते. हें बरोबर आहे. विरुद्ध पक्षाचे लोक म्हणतात कीं, अतिदक्षता विभागांत एका परिचारिकेकडे थोडे रोगी असतात, बारीकसारीक बदल लगेच कळतात. आणि जिचें मन मुलांतच आहे तिला वर्षभर दुसरीकडे डांबून ठेवण्यांत कोणाचेंच हित नाहीं. हेंहि बरोबर आहे. दोन्ही पक्ष विभागाच्या नांवावर भांडतात, आणि ज्या गोष्टीनें फरक पडतो तिचा विचार करावयाचें राहून जातें.

ती गोष्ट कोणती, तें वरच्या इतिहासांत पदोपदीं दिसून आलें आहे. सेंट टॉमसची शाळा यशस्वी झाली ती वॉर्डांतील सिस्टर विद्यार्थिनीच्या शेजारीं उभी राहत होती म्हणून. अमेरिकन इस्पितळांची जुनी पद्धति सदोष ठरली ती शिकणारीला एकटी सोडून तिच्याकडून नुसतें काम उपटलें म्हणून. मॅगॉबाईंच्या यशांत दुर्मिळ यंत्र कोठेंच नव्हतें. रोग्यावरून दृष्टि न काढण्याची संवय होती, आणि ती संवय पाहून पाहूनच लागते. नव्या परिचारिकेला आपल्याला काय कळत नाहीं हेंच पुष्कळदां कळत नसतें. ओठ निळसर झाले आहेत, रोगी नेहमींपेक्षां गप्प आहे, मूत्राचें प्रमाण घटलें आहे, हें सारें तिच्या डोळ्यांसमोर असून तिला दिसत नाहीं. 'इकडे ये, हें पाहा,' असें म्हणणारें कोणी जवळ असेल तर सहा महिन्यांत तिची दृष्टि तयार होते; नसेल तर तीच गोष्ट ती एखाद्या रोग्याच्या जिवावर शिकते आणि जन्मभर मनांत बाळगते.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, पहिला विभाग निवडतांना त्याच्या नांवाचा, पगारांतील थोड्या फरकाचा अगर परदेशच्या मागणीचा विचार दुसरा ठेवावा. पहिला विचार असावा तो त्या वॉर्डांतील माणसांचा. तेथें पांच-दहा वर्षें टिकून राहिलेल्या परिचारिका आहेत काय, कीं दर सहा महिन्यांनीं साऱ्या नव्याच? नव्या मुलीला कांहीं आठवडे एखाद्या अनुभवी परिचारिकेच्या जोडीनें काम देतात, कीं दुसऱ्याच दिवशीं तिच्याकडे अर्धा वॉर्ड सोंपवितात? रात्रपाळीला ती प्रथम उभी राहील तेव्हां विचारावयास कोण असेल? शंका विचारणाऱ्या मुलीला तेथें उत्तर मिळतें कीं टोमणा? हे प्रश्न मुलाखतींत विचारण्याचा संकोच वाटतो. पण त्याच इस्पितळांतील वर्षभर जुन्या मुलीला चहाच्या वेळीं विचारले तर खरीं उत्तरें मिळतात. मुलगा परिचारक होऊं पाहत असेल तर त्यालाहि हेंच लागू आहे.

घरच्या वडील माणसांनाहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलगी पहिल्या तीन महिन्यांत घरीं येऊन रडली तर विभाग चुकला असें लगेच ठरवूं नये, आणि 'सर्वांनाच असें होतें' म्हणून तिला गप्पहि करूं नये. ती कामाच्या कष्टानें रडते कीं एकटेपणानें, एवढें शांतपणें विचारावें. कष्टावर काळ हेंच औषध आहे. विश्रांति, वेळेवर जेवण आणि घरांतलें मायेचें माणूस एवढ्यानें तिचें भागतें. परंतु तिच्या चुका दाखविणारे पुष्कळ आणि शिकविणारें कोणीच नाहीं अशी जागा असेल, तर ती कितीहि नांवाजलेल्या विभागाची असो, तेथून दुसरीकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. वॉल्डबाईंनीं पहिली जागा एका वर्षांत सोडली होती.

विभाग पुढेंहि बदलतील. कांहीं नाहींसे होतील, जसे क्षयाच्या आरोग्यधामांचे बहुतेक झाले. कांहीं नवे निघतील. रोगी मात्र तोच राहील: अंथरुणावर पडलेला, घाबरलेला, आणि आपल्याकडे कोणी नीट पाहत आहे कीं नाहीं हें दाराकडे डोळे लावून पाहणारा. त्याला नीट पाहावयास जेथें शिकवितील, तो वॉर्ड पहिला म्हणून घ्यावा.